कडी आतून

बाई बोलायला उभ्या राहिल्या की हशा पिकणार, हे आता शहरात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. डोंगरातल्या शाळांसाठी निधी गोळा करणारं मंडळ कुठलाही कार्यक्रम ठरवताना बाईंचं भाषण मुद्दाम शेवटी ठेवायचं, म्हणजे लोक चहाआधी उठून जात नसत. गुडघे कामातून गेलेले, काठी टेकत यायच्या; पण माईक हातात आला की तोंडाचा पट्टा असा सुटायचा, की वाटावं, ही बाई कालच खिंड उतरून खाली आली आहे.

खरं तर त्याला एक आयुष्य लोटलं होतं. लग्नाआधी, ऐन पंचविशीत, बाई डोंगरावरच्या एका गावात मास्तरीण होत्या. गावात शाळा होती, शाळेत मुलं होती, पण मास्तरणीला राहायला जागा नव्हती. गावानं शेळ्यांच्या गोठ्याचा एक कोपरा फळ्या मारून वेगळा काढून दिला होता. त्या कोपऱ्यात बाईंनी हिवाळ्यामागून हिवाळे काढले.

"शेळीनं माझं हजेरीपत्रक खाल्लं," बाई सांगत होत्या, "आणि गंमत बघा, दांड्या मारणाऱ्यांचीच नावं तेवढी खाल्ली. त्या वर्षी माझ्या वर्गाची हजेरी शंभर टक्के!"

सभागृह खदखदून हसलं.

"परीक्षेच्या दिवशी एका कार्ट्यानं गोठ्याला बाहेरून कडी घातली. मी आत, परीक्षा बाहेर. शेवटी फळीच्या फटीतून प्रश्न ओरडून सांगितले. पहिलं उत्तर आलं ते शेळीचं!"

लोकांनी डोळे पुसले. चहाच्या टेबलाशी खिळेशेठ आले. शहरातलं सगळ्यात मोठं हार्डवेअरचं दुकान त्यांचं; त्यांना खिळेशेठ म्हणायची सवय त्यांच्या बायकोलाही लागली होती.

"काय मजेत दिवस काढलेत हो बाई! मी ठरवलंय, शाळेला कॉम्प्युटर देणार. बाहेर वडलांच्या नावाची पाटी लावू."

"तिथं अजून वीज नाही, शेठ."

"येईल की. आज ना उद्या येईल."

"मला मास्तरणीसाठी खोली बांधायची आहे. नवी मुलगी गेलीय वर शिकवायला. तीही त्याच गोठ्यात राहते."

"खोली?" शेठचा चेहरा चहात साखर विसरल्यासारखा झाला. "खोलीत काय बघायचं? आणि तुमचं कुठं अडलं होतं खोलीवाचून? एवढी शेळ्यांची सोबत होती!"

शेजारी उभ्या असलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईही हसल्या. त्यांनी शाळेला पुस्तकांचं कपाट कबूल केलं होतं, काचेच्या दारांचं. सवयीनं बाईही हसल्या. पण रिक्षात बसताना काठी आपटूनच आत घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. गावात फोन लागत नसे, म्हणून नवी मास्तरीण सुट्टीच्या दिवशी कड्यापर्यंत चढून तिथून बोलायची. तिचा आवाज वाऱ्यात फडफडत होता.

"बाई, उन्हाळा काढला, पावसाळा काढला. हिवाळा नाही निघायचा. खिंड बंद व्हायच्या आत मी खाली येते."

"थंडीचं म्हणत असशील तर—"

"थंडीचं नाही. का ते तुम्हाला माहीत आहे."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "माहीत आहे," त्या म्हणाल्या. "खोली झाली तर?"

"खोली झाली, आतून दार लावता आलं, तर राहीन. पोरांना टाकून यायची मला तरी कुठं हौस आहे?"

तिच्याआधीही मास्तर आणि मास्तरणी अशाच बर्फ पडायच्या सुमाराला खाली आल्या होत्या. शिक्षणखात्यानं या वेळी बजावलं होतं, की आणखी एक हिवाळा कुलूप राहिलं तर ते पुन्हा निघणार नाही. म्हणजे ती पोरगी उतरली की तिच्यामागे शाळाही उतरली. बाईंनी फोन ठेवला आणि जेवणाच्या टेबलाशी येऊन बसल्या. सून मटार सोलत होती. मुलगा वर्तमानपत्रामागे होता.

"माणसं इतकी निबर कशी गं?" बाई म्हणाल्या. "मी जीव तोडून सांगते आणि हे दात काढतात."

"आई, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"रागावणार. सांग."

"तुम्हीच त्यांना हसवता. शेळ्यांची सर्कस बघून कुणी मास्तरणीला घर बांधून देतं का? तुमचं ऐकून मलासुद्धा वाटतं, काय सुखाचे दिवस होते! घरी मात्र..." ती थांबली.

"घरी मात्र काय? अर्धं ताटात टाकलंस, आता पुरं वाढ."

सुनेनं शेंग जरा जोरातच फोडली. "घरी मात्र दिवे मालवले की रोज ती पत्र्याची पेटी दाराला ओढता. खर्रर्र. मी या घरात आले त्या पहिल्या दिवसापासून ऐकतेय. दार लावायचं ते लावायचं, वर त्याला पेटी! मी काय तुमच्या खोलीत शिरून दागिने पळवणार होते? इतकी वर्षं मूग गिळून बसले. पण लागायचं ते लागायचंच."

वर्तमानपत्र खाली आलं.

"अगं, ती तर पहिल्यापासून ओढते," मुलगा म्हणाला. "बाबा रोज पलंगावरूनच ओरडून विचारायचे, किल्ला बंद झाला का?"

"अहो, आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"तू कधी विचारलंस? आई आहे, पेटी ओढते. त्यात सांगायचं काय?"

"वेडी आहेस का गं?" बाईंनी सुनेच्या हातावर हात ठेवला. "ती पेटी तुझ्यासाठी नाही. गोठ्याला कडी बाहेरून असते. शेळ्या थोड्याच आतून कडी लावतात!"

बोलून झाल्यावर बाई नेहमीसारख्या हसल्या. सून हसली नाही. ती नुसती वाट बघत राहिली, तशी बाईंना पुढचं बोलावंच लागलं.

"खिंडीतून माणसं यायची-जायची. कुणी प्यालेलं, कुणी वाट चुकलेलं, कुणी न चुकता आलेलं. बाहेरून कुणीही कडी काढावी. मी आपली पेटी दाराला लावायची आणि वर बसून राहायची. शेळ्या बुजल्या की समजायचं, बाहेर कुणीतरी आहे."

"कधी काही झालं का, आई?"

"पेटी सरकायची." बाईंनी काठी हाताशी ओढली. "मग मी पाय रोवून बसायची. मग उजाडायचं."

टेबलावरचे मटार तसेच राहिले.

"हे तुम्ही कधी कुठल्या भाषणात सांगितलं नाहीत," सून म्हणाली.

"हे सांगायचं असतं होय? लोक बिचारे चहा प्यायला आलेले असतात."

"मग चहाच पाजू या त्यांना," सुनेनं टोपली बाजूला सारली. "इथं. आपल्या घरात. तुम्ही भाषण करायचं नाही, गोष्ट सांगायची नाही, शेळीचं तर नावसुद्धा काढायचं नाही."

"मग मी करू काय?"

"तुमचा गोठा केवढा होता, तेवढा मला दाखवा."

सुनेनं आजवर दिवाणखान्याच्या फरशीवर पाण्याचा थेंब सुकू दिला नव्हता. तिनं पदर खोचला आणि गुडघ्यावर बसून खडूनं रेघा ओढायला सुरुवात केली. बाई काठीनं दाखवत होत्या. "इथं चूल. इथं अंथरूण. नाही गं, एवढं ऐसपैस नाही, आत घे रेघ. आणखी आत." घराचं बाहेरचं दार तेच गोठ्याचं दार ठरलं. रेघेपलीकडचा सोफा म्हणजे शेळ्या.

"फरशीवर डाग राहतील," मुलगा म्हणाला.

"तुम्ही त्या सोफ्यावर बसा," सून म्हणाली. "शेळ्या बोलत नाहीत."

ठरल्या दिवशी तिघं आले: खिळेशेठ, डॉक्टरीणबाई आणि बँकेतून निवृत्त होऊन आता मंडळाचा हिशेब सांभाळणारे मॅनेजरसाहेब. सुनेनं त्यांना चटईवर, रेघांच्या आत बसवलं. शेठचे पाय रेघेबाहेर जात होते.

"पाय आत घ्या, शेठ. ती चूल आहे. भाजेल."

"हा काय खेळ काढलाय, बाई?"

"खेळ नाही. खोली आहे. अशी आत्ता आहे, वर," बाई म्हणाल्या आणि गप्प बसल्या. शेळीच्या गोष्टी जिभेवर येऊन परत जात होत्या. चहा आला. मॅनेजरसाहेबांचं कोपर डॉक्टरीणबाईंच्या कपाला लागलं, डॉक्टरीणबाईंची पर्स चुलीत गेली. थोडं हसणं झालं, मग तेही विझलं. हसायला कुणी मदत करत नव्हतं.

"दार लावा ना, शेठ," बाई म्हणाल्या. "थंडी आहे."

शेठनी बसल्या जागेवरून दार ढकललं आणि कडीकडे हात नेला. सुनेनं आतल्या कडीवर पुठ्ठा चिकटवून ठेवला होता.

"कडी कुठं गेली?"

"बाहेर. गोठ्याची कडी बाहेर असते."

बाई उठल्या. कोपऱ्यात त्यांची पत्र्याची पेटी आणून ठेवली होती, ती त्यांनी ओढत दारापाशी आणली. खर्रर्र. तिच्यावर बसल्या आणि काठी आडवी मांडीवर घेतली. बाहेर जिन्यावर पावलं वाजली. पावलं दारापाशी थांबली. दार ढकललं गेलं आणि पेटी, वर बसलेल्या बाईंसकट, फरशीवर कर्रकन सरकली.

डॉक्टरीणबाई किंचाळल्या. शेठच्या हातचा चहा त्यांच्याच मांडीवर सांडला.

फटीतून एक हात आत आला. त्यात हँगरला लावलेले शर्ट होते. "कपडे!" इस्त्रीवाला म्हणाला. "दार का अडतंय हो ताई?"

सुनेचाही चेहरा पांढरा झाला होता. हे काही तिनं ठरवलेलं नव्हतं. इस्त्रीवाल्याला यायचं होतं संध्याकाळी. तिनं कपडे घेतले, तो गेला, आणि मॅनेजरसाहेब सुटल्यासारखे हसायला लागले. बाकीचेही हसणार होते.

"याला मी रोज बघते," बाई म्हणाल्या. "वर कोण असायचं, ते कळायचं नाही."

हसू जागच्या जागी थांबलं. डॉक्टरीणबाईंची मुलगी पुढच्याच महिन्यात पहिल्या नोकरीसाठी परगावी जाणार होती. त्यांनी दाराकडे बघितलं, मग पेटीकडे.

"ती मुलगी आत्ता तिथंच आहे?"

"हो."

"तिच्याजवळ पेटी आहे?"

"तिच्याजवळ पाठीवरची पिशवी आहे," बाई म्हणाल्या. "पेटीला निदान वजन असतं."

"कपाट राहू द्या माझं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भिंतीला लावा ते पैसे."

शेठ रुमालानं मांडी पुसत होते, मान वर न करता. मग एकदम खेकसले, "दार कसलं करणार? लाकूड ओलं झालं तर फुगतं. बिजागऱ्या, कडी, छपराचे पत्रे, सगळं माझ्याकडून जाईल. ढीग पडलेत दुकानात." आणि थोड्या वेळानं, हळूच, "पाटी लावाल ना वडलांच्या नावाची?"

"लावू की."

"दाराबाहेर?"

"आत. कडीच्या वर. रोज कडी लावताना वाचेल ती."

"आत कोण बघणार, बाई?"

"ती एकटी बघेल. पण रोज बघेल."

शेठनी पुठ्ठ्याचा कोपरा उचलून खालची कडी बघितली. "चालेल," म्हणाले. "म्हाताऱ्याला गर्दी आवडत नसेच."

त्यानंतरचे दिवस बाईंनी कुणाला सुखानं श्वास घेऊ दिला नाही. पत्रे खिंडीपायथ्याशी पोचले की नाही, वर कुणी नेले, चुलीचं धुराडं वाकलं तर नाही ना, एकेका गोष्टीसाठी त्या मॅनेजरसाहेबांच्या इतक्या मागे लागल्या, की निवृत्तीनंतर सुखानं घेतलेली दुपारची झोप साहेबांना सोडावी लागली. दगडी भिंती गावानं स्वतः रचल्या. छप्पर चढलं. खिंडीवर पहिलं बर्फ भुरभुरल्याची बातमी आली, त्याच दिवशी सुनेच्या मोबाइलवर दाराचा फोटो आला. सुरेख दार. भक्कम. आणि कडी, नवी कोरी, चकचकीत, बाहेरच्या बाजूला.

"अगं, लाव फोन! लाव आधी!"

"बाई, मी सांगितलं," कड्यावरून पोरगी रडकुंडीला येऊन बोलत होती. "सुतारकाका म्हणतात, कडी बाहेरच असते. त्यांनी जन्मभर गोठ्यांचीच दारं केलीत. इथंच उभे आहेत माझ्याबरोबर."

"दे त्याला फोन."

खरखर झाली. "बाई?" एक जाड, दबका आवाज. "ओळखलंत का? मी तुमच्या दुसरीत होतो."

बाईंनी डोळे बारीक केले. "परीक्षेच्या दिवशी गोठ्याला कडी घालणारा तूच ना रे?"

पन्नाशी उलटलेल्या सुताराचा आवाज खाली गेला. "तुम्हाला अजून लक्षात आहे?"

"सगळं लक्षात आहे. तेव्हा बाहेरून घातलीस, मी काही बोलले नाही. आता आतून घाल. आजच. आणि झाल्याशिवाय घरी जायचं नाही."

"हो, बाई," सुतार म्हणाला, अगदी दुसरीतल्या आवाजात.

खिंड बंद झाली. त्यानंतर कितीतरी दिवस काहीच कळलं नाही. पोरगी खाली आलेली नव्हती, एवढंच. एका संध्याकाळी सुनेचा मोबाइल वाजला; पोरीनं आवाज टिपून पाठवला होता. ती ओल्या हातांनी तो घेऊन बाईंच्या खोलीत आली आणि त्यांच्या कानाला लावला. आधी वारा, मग दार ओढल्याचा आवाज, आणि मग खट्ट. पुढं पोरगी नुसतं "ऐकलंत?" म्हणाली होती.

"परत लाव," बाई म्हणाल्या.

सुनेनं परत लावलं. बाईंनी आणखी दोनदा लावायला लावलं. मग चष्मा पुसला.

"उद्या मॅनेजरसाहेबांना बोलावून घे. कड्यापलीकडच्या गावातही मास्तरीण आहे म्हणे. आणि खडू संपलाय, तो आणून ठेव."

"बरं," सून म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. कुकरची शिट्टी झाली, भांडी वाजली, जेवणं आटोपली, घरातले दिवे एकेक करत मालवले गेले. मग खोलीतून तो रोजचा आवाज आला. खर्रर्र.

सून ओट्यावर फडकं फिरवत होती. तिनं तिथूनच हाक मारली, "आई, किल्ला बंद झाला का?"

आत पलंग करकरला.

"झाला गं," बाई म्हणाल्या. "झोप आता."