नसलेले चार पांडा

मालविका देशकर नागपूरहून नॉटिंगहॅमला आली ती पांडांची लीद तपासायला. आई नातेवाइकांना "पोरगी संशोधन करते" एवढंच सांगे. प्रत्येक पांडा बांबूचा घास आपल्या दाताच्या मापाने तोडतो. लिदीतले न पचलेले तुकडे मोजले की डोंगरावर किती जनावरं आहेत, ते कळतं. चीनमधल्या एका डोंगरावरून आलेले चौदा हजार तुकडे मालविकाने दोन हिवाळे मोजले. उत्तर आलं, तीन पांडा.

तिचा साहेब सुश्रुत राजवाडे, लंडनच्या हॅरोत जन्मलेला, मराठी मोडकंतोडकं बोलणारा, पांडा वाचवणाऱ्या त्या छोट्या संस्थेचा शास्त्रीय प्रमुख. त्याने अहवालात सात लिहिले.

"सर, तीनच आहेत."

"रिलॅक्स, मालविका. नंबर मोठी असली की लोकांना होप मिळते."

सात पांडा म्हणजे डोंगर सुखरूप. शेजारच्या डोंगराला जोडणारा बांबूचा पट्टा मग तातडीच्या यादीतून वगळला गेला, आणि वर्षाच्या आत त्यातून रस्ता गेला. त्यानंतर चिनी पथकाने डीएनए तपासून सांगितलं, इथे तीनच आहेत. विश्वस्तांनी जाब विचारला, तेव्हा सुश्रुत तिच्याकडे न बघता म्हणाला, "काउंटिंग मालविकाचा होता. मिस्टेक तिचा आहे."

तिची नोकरी गेली. व्हिसाचे साठ दिवस उरले. त्रेपन्नाव्या दिवशी एका हॉस्पिटलच्या डेटा विभागात काम मिळालं, म्हणून ती टिकली. पण पांडांच्या कामात तिला पुन्हा कुणी उभं केलं नाही. मोजताना चुकणारी बाई, एवढीच तिची ओळख राहिली. चार वर्षं तिने तो राग निखाऱ्यासारखा राखेखाली जपला.

एक गोष्ट सुश्रुत विसरला होता. प्रयोगशाळेच्या वहीवर दर शुक्रवारी त्याची सही लागत असे. वही संस्थेत राहिली, पण मालविकाने प्रबंधासाठी तिचं पानन् पान स्कॅन करून ठेवलं होतं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'एकूण तीन', आणि खाली त्याची सही. विश्वस्तांनी तेव्हा तिचं काही ऐकूनच घेतलं नव्हतं.

मग एक दिवस फेसबुकवर बातमी आली. पांडा वाचवणाऱ्या अनेक संस्थांच्या महासंघाचा शास्त्रीय प्रमुख म्हणून सुश्रुतची निवड व्हायची होती, आणि हॅरोतली मराठी मंडळी त्याचा सत्कार करणार होती. महासंघाच्या अध्यक्षबाईही येणार होत्या. मालविकाला त्यांना ई-मेल करता आला असता. पण मग सुश्रुतचं तोंड बघायला मिळालं नसतं.

शनिवारी दुपारी हॉल भरला होता. शाल झाली, श्रीफळ झालं. प्रश्नोत्तरांच्या वेळी मालविकाने हात वर केला. तिला ओळखताच सुश्रुतच्या चेहऱ्यावरचं हसू आटलं.

ती इंग्रजीत बोलली, अध्यक्षबाईंना कळावं म्हणून. "या पानावरची सही तुमचीच ना? मग तीनचे सात कुणी केले?"

तिने पानाच्या प्रती पुढच्या रांगेत दिल्या. अध्यक्षबाईंनी चष्मा लावून पान वाचलं, पुन्हा वाचलं.

"धिस इज नॉट द प्लेस," सुश्रुत म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

"माझं नाव घेतलंत तेव्हा जागा बघितली होती का?" हे मात्र तिने मराठीत विचारलं. त्याच्या खांद्यावरून शाल घसरली; ती उचलायला कुणीच वाकलं नाही. मालविकाने डोळे भरून बघून घेतलं.

बाहेर पडताना सुश्रुतचे वडील, मुरलीधरकाका, आडवे आले. ती इंग्लंडला आली त्या दिवशी विमानतळावरून यांनीच तिला घरी नेऊन वरणभात वाढला होता.

"मला आधी सांगायचंस गं पोरी. घरातल्या घरात त्याचा कान धरला असता."

"म्हणूनच नाही सांगितलं, काका."

म्हातारा कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेला. तो खाली पोचेपर्यंत ती बघत राहिली, पण तिने माफी मागितली नाही.

महिनाभरात सुश्रुतची निवड रद्द झाली, संस्थेतूनही त्याला जावं लागलं. महासंघाने मालविकाला पत्र पाठवलं, त्यात दिलगिरी होती आणि त्या डोंगराची मोजणी नव्याने करण्याची विनंती. ती गेली. रस्त्याच्या अलीकडच्या बांबूत या खेपेला दोनच घासांची मापं सापडली. तिने वहीत दोन लिहिलं आणि सुश्रुतला पुन्हा एकदा मनसोक्त शिव्या घातल्या.