बेचाळिसावं नाव

शेषाद्रीरावांनी पडद्यावर बोट टेकवून नावं तिसऱ्यांदा मोजली. बेचाळीसच भरली. पाडव्याला नवं पंचांग घरात आलं, त्याच आठवड्यात त्यांनी ही यादी स्वतः टाइप केली होती, आणि तेव्हा नावं एक्केचाळीस होती. या यादीत नाव वाढायचं तर आधी कुणाच्या तरी घरून फोन यावा लागतो. फोन काही आला नव्हता.

मग त्यांनी शेवटची ओळ वाचली. ‘शेषाद्रीराव, तिरुवल्लिकेणी, यांच्या पत्नी अलमेलूबाई.’

अलमेलूबाई आत स्वयंपाकघरात खोबरं खवत होत्या. खवणीचा आवाज इथपर्यंत स्वच्छ येत होता.

यादी होती अविधवा नवमीची. नवरा हयात असताना ज्या बायका गेल्या, त्यांचं श्राद्ध पितृपक्षातल्या त्या एका नवमीला घालायचं. तंजावरकडची मराठी घरं कुठल्या कुठे पांगली, कुणी बंगळुरूला, कुणी पार अमेरिकेत, आणि तिथी सगळेच विसरले. म्हणून विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर शेषाद्रीरावांनी हा ब्लॉग काढला होता. वर्षभराच्या तिथ्या पाडव्यालाच लिहून, तारखा लावून ठेवायच्या. त्या त्या दिवसाच्या आठवडाभर आधी मजकूर आपोआप तीनशे घरी पोचायचा. म्हणजे भाद्रपदात तीनशे घरी कळणार होतं की अलमेलूबाई गेल्या. त्यांनी रागारागानं ती ओळ पुसली आणि घरात कुणाला काही बोलले नाहीत.

संशय कुणाचा घ्यायचा यावर त्यांना फार डोकं चालवावं लागलं नाही. वरच्या खोलीत सिद्धार्थ भाड्यानं राहत होता. मूळचा नाशिकचा, सिरुसेरीच्या एका कंपनीत नोकरी. ब्लॉगचा पासवर्ड त्याला ठाऊक होता आणि महिन्यापूर्वी त्याच्या सॉफ्टवेअरचा नवा अपडेट त्यानंच मोठ्या हौसेनं घातला होता. आता यात हे येतं काका, ते येतं काका, एक लेख दोघांना एका वेळी उघडता येतो, अख्ख्या लेखाची नक्कल एका बटणात निघते. शेषाद्रीराव तेव्हाच म्हणाले होते की गेलेल्या माणसांना कसल्या आल्यात नव्या सोयी. पण पोरगं ऐकेल तर ना.

तीन दिवसांनी ती ओळ पुन्हा जागेवर होती.

आता मात्र त्यांच्या मनात पाल चुकचुकली. एकदा झाली ती मस्करी म्हणू, दोनदा झाल्यावर काय म्हणायचं? त्यांनी ओळ पुसली, पासवर्ड बदलला आणि नवा कागदावरसुद्धा लिहिला नाही. मग ते घरातच पाळत ठेवू लागले. सिद्धार्थ हल्ली खाली फार येत होता. कधी कढीपत्ता मागायला, कधी पाणी गेलं का विचारायला. स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून काकूंशी हलक्या आवाजात बोलायचा, आणि शेषाद्रीराव आत आले की दोघंही गप्प. मग अलमेलूबाई उगाच डबे पुसायला घ्यायच्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना पुसलेले डबे पुन्हा पुसताना शेषाद्रीरावांनी पाहिलं नव्हतं.

मंगळवारी त्या मैलापूरच्या देवळात जाते म्हणून सकाळी गेल्या, त्या दुपारी दोनला आल्या. कपाळाला ना कुंकवाचा प्रसाद, ना हातात फूल. शेषाद्रीरावांनी विचारलं तर गर्दी होती म्हणाल्या. त्याच दिवशी सिद्धार्थनंही रजा घेतलेली दिसत होती, कारण त्याची मोटारसायकल काही वेळ दारात नव्हती आणि मग ऑफिसच्या वेळी दारात होती.

संध्याकाळी त्यांनी यादी उघडली. बेचाळीस.

पासवर्ड बदलून चार दिवस झाले होते! शेषाद्रीराव गुडघ्यांची पर्वा न करता जिना चढून वर गेले. सिद्धार्थ इडल्या गरम करत होता. त्यांनी त्याला फैलावर घेतलं. भाडेकरू म्हणून ठेवला, घरच्यासारखा वागवला, त्याचे हे पांग फेडतोस काय, माझ्या जित्याजागत्या बायकोला मेलेल्यांत घालून तुला काय मिळतं, असं सगळं बोलून घेतलं. बोलता बोलता त्यांची मराठी सुटून तमिळ सुरू झाली, पण राग दोन्ही भाषांत कळण्यासारखा होता. सिद्धार्थनं गॅस बंद केला.

“मी नाही लिहिलं, काका.”

“मग कुणी? ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस.”

शब्द दिलाय मी, एवढंच सिद्धार्थ पुटपुटला. शेषाद्रीराव जायला वळले तेव्हा तो त्यांच्या मागे दारापर्यंत आला.

“काका, मला विचारू नका. त्या अपडेटमध्ये एक सोय आहे, तिकडे कुणी जात नाही. लेखाच्या कोपऱ्यात घड्याळाचं चित्र आहे बघा. ते दाबा.”

खाली येऊन त्यांनी घड्याळ दाबलं. लेखात केलेला एकेक फेरफार ओळीनं समोर आला, वेळेसकट, कुठल्या यंत्रावरून आणि कुठून केला त्यासकट. त्यांचे स्वतःचे फेरफार कळत होते, ते पुसण्याचे होते. बाकीचे तीन एकाच फोनवरून झाले होते. तो फोन अलमेलूबाईंचा. लेकानं जुना दिलेला. त्याच्यावरून त्या पूर्वी ब्लॉगचे फोटो चढवायच्या, तेव्हापासून तो कधी ब्लॉगमधून बाहेर पडलाच नव्हता. पासवर्ड बदलला काय न बदलला काय.

एक फेरफार घरचा होता, शुक्रवारी दुपारी, शेषाद्रीराव वामकुक्षी घेतात त्या वेळचा. दुसरे दोन लागोपाठच्या मंगळवारचे. जागा दोन्ही वेळा अड्यार.

अड्यारला त्यांच्या ओळखीचं कुणी राहत नव्हतं. अड्यारला कॅन्सरचं इस्पितळ होतं. आख्खं शहर ‘अड्यारला जाऊन आले’ म्हटलं की आवाज उतरवतं, ते त्याच्यामुळे.

सिद्धार्थला आपण काय काय बोललो ते शेषाद्रीरावांना आठवलं आणि लाज वाटली, पण लाजेला बसायलाही आत जागा नव्हती. ते उठून स्वयंपाकघरात गेले. अलमेलूबाई पाटावर बसून चवळीच्या शेंगा मोडत होत्या. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातली शेंग खाली ठेवली.

“घड्याळ सापडलं वाटतं. सिद्धार्थ म्हणालाच होता, सापडेल म्हणून,” त्या म्हणाल्या.

ते समोर जमिनीवरच बसले. किती दिवस झाले, डॉक्टर काय म्हणतो, मला का नाही सांगितलं, हे सगळं त्यांनी एकदम विचारलं. अलमेलूबाईंनी एकेकाचं उत्तर दिलं, दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तसं. पोट दुखायचं ते फाल्गुनापासून. एकदा जिन्यात त्यांना चक्कर आली ती सिद्धार्थनं पाहिली, म्हणून त्याला सांगावं लागलं. डॉक्टर पुरटासीपर्यंत बघू म्हणाला होता. तमिळांचा पुरटासी लागतो तेव्हाच आपला पितृपक्ष येतो, हे त्याला बिचाऱ्याला काय माहीत. डॉक्टरच्या दाराबाहेर रांगेत बसल्या बसल्या त्यांनी हिशेब केला होता आणि फोन काढला होता.

“पण नाव कशाला घातलंस?” शेषाद्रीरावांनी विचारलं.

“तुमच्याच्यानं ते लिहवणार नाही. एक्केचाळीस जणींचं लिहिलंत, माझ्याशी येऊन थांबाल. मग यादीच जायची नाही कुणाकडे. म्हणून मीच लिहिलं.”

शेषाद्रीरावांनी चवळीची एक शेंग उचलली आणि मोडली. मग एकाएकी त्यांना काहीतरी सापडलं, आणि ते कचेरीत एखाद्या अर्जातली खोट दाखवायचे त्या सुरात म्हणाले,

“चुकलंय तुझं. पहिल्या वर्षी नवमी करत नाहीत. वर्षश्राद्ध झाल्याशिवाय नाव यादीत येत नाही. यंदाच्या यादीत तुझं नाव बसतच नाही.”

अलमेलूबाईंनी थोडा विचार केला. चूक त्यांना पटली.

“सरी,” त्या म्हणाल्या. “मग बसतं त्या वर्षात घाला. पण घाला. मला बघू दे.”

शेषाद्रीरावांनी लॅपटॉप आणून तिथेच पाटाशेजारी ठेवला. यादीची त्यांनी नक्कल काढली. पहिलीतून शेवटची ओळ पुसली, ती यंदाची. दुसरीत सगळी बेचाळीस नावं तशीच ठेवली आणि तारखेवर बोट दाबलं. पुढच्या वर्षाचं पान उघडलं. त्यांनी बाण दाबला, त्याच्या पुढचं आलं. पुन्हा दाबला. सॉफ्टवेअर काही अडवत नव्हतं. जेवढं पुढे जाल तेवढं जाऊ देत होतं. अलमेलूबाईंना चष्म्याशिवाय बारीक अक्षर दिसत नसे, आणि चष्मा बाहेर खिडकीत होता.

“घातलं का?” त्यांनी विचारलं.

“घालतोय.”

दोन हजार एकसष्टवर ते थांबले. त्या वर्षाचं पंचांग अजून कुणी केलेलं नव्हतं. शेषाद्रीरावांनी नवमीची तारीख अंदाजानं टाकली.