बोरेजच्या वाफ्यात उगवलेलं

देवराव गुरुजींनी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या वाडीत औषधी झाडं लावली. अहेरीजवळच्या त्यांच्या तलावाकाठच्या गावात त्यांचा शब्द चालायचा. अर्ज लिहून घ्यायला लोक त्यांच्याकडे येत, तसेच खोकल्यावर अडुळसा आणि पोटदुखीवर पानओवा मागायलाही येत. गुरुजी पानं देताना ती कशी घ्यायची ते दोनदा सांगत आणि समोरच्याकडून एकदा वदवून घेत.

बोरेज वाडीत आलं ते त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. अश्वजित पुण्याकडे एका रोपवाटिकेत कामाला होता. दिवाळीला गावी आला तेव्हा त्याने बियांचं पाकीट आणलं. हे परदेशी झाड आहे, थंडीत येतं, पानं खातात, फुलंही खातात, असं त्याने सांगितलं. गुरुजींनी नळाजवळ वाफा केला. महिन्याभरात गुडघाभर झाडं झाली. पानं लवेने खरखरीत, फुलं निळी, चांदणीसारखी, खाली मान घातलेली. पान चुरगळलं की ताज्या काकडीचा वास यायचा.

त्या हिवाळ्यात घरात बोरेजचंच राज्य होतं. गुरुजींची सून रीता कोवळी पानं बेसनात बुडवून भजी करायची, ताकात बारीक चिरून घालायची. तिने निळ्या फुलांचे मोबाईलवर फोटो काढून बल्लारपूरला नवऱ्याला पाठवले. नवरा भूपेश तिथे कारखान्यात होता आणि पंधरा दिवसांनी घरी यायचा. गुरुजींच्या पत्नीला, रुखमाबाईंना, गुडघ्यांचा त्रास होता. बोरेज सांध्यांना चांगलं, असं गुरुजींच्या वाचनात आलं, आणि ते रोज सकाळी स्वतःच्या हाताने पानांचा काढा करून त्यांना देऊ लागले. काढ्याने म्हणा की थंडी सरल्याने म्हणा, फेब्रुवारीत रुखमाबाई काठीशिवाय बुद्धविहारापर्यंत चालत गेल्या. ही गोष्ट गावभर झाली.

एप्रिलच्या उन्हात झाडं करपून गेली. बी तिथेच गळालं. जूनच्या शेवटी वाफ्यात दाट रोपं वर आली, तेव्हा गुरुजींना इतका आनंद झाला की त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. पेरावंही लागलं नाही, ते म्हणाले.

रोपं लवकर वाढली. पानं तशीच रुंद, लवेची. पण रीताने भज्यांसाठी पहिली पानं खुडली तेव्हा तिला काकडीचा वास आला नाही. वास होता, पण उग्र, हिरवट. तिने पुन्हा एक पान चुरगळून पाहिलं. मग ती पानं तिने तशीच ठेवली आणि त्या दिवशी कांद्याची भजी केली.

जुलैत फुलं आली. निळ्या चांदण्या नव्हत्या. एका वाकड्या, शेपटासारख्या दांड्यावर फिकट जांभळी, मोहरीएवढी फुलं ओळीने बसली होती. रीता सासऱ्यांजवळ गेली आणि हे झाड वेगळं दिसतं असं म्हणाली.

गुरुजींनी चष्मा पुसला. "बी तेच आहे, हंगाम वेगळा आहे," ते म्हणाले. "पावसाच्या पाण्यानं वास उतरते, फूल लहान होते. तू तांदळाचंच पाह्य ना, उन्हाळी धान अन् पावसाळी धान एकसारखं असते का?"

बारावी झालेल्या सुनेने चौतीस वर्षं शिकवलेल्या माणसाला काय सांगायचं? शिवाय रुखमाबाईंचा काढा पुन्हा सुरू झाला होता. पावसाळ्यात गुडघे जास्त दुखतात म्हणून गुरुजी आता सकाळ-संध्याकाळ देत होते. गावातली पाच घरंही पाला नेत होती. रीता स्वतः मात्र ती पानं खात नव्हती. का, ते कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

पोळ्याच्या सुमारास रुखमाबाईंचं जेवण कमी झालं. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणायच्या. मग उजव्या बरगडीखाली दुखू लागलं. एक दिवस रीता त्यांना लुगडं नेसवत होती, तर निऱ्यांना कापड पुरेना. हातपाय काड्यांसारखे झाले होते आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं ताठ. रीताने पोटावर हात ठेवला. कातडी चकचकीत, ओढलेली. रुखमाबाई हसून म्हणाल्या, "या वयात मले काय दिवस गेले का वं?" रीताला हसता आलं नाही.

गुरुजींनी काढ्यात पानं वाढवली.

भूपेश आला त्याच दिवशी आईला गाडीत घालून गडचिरोलीला घेऊन गेला; गुरुजी आणि रीताही सोबत गेले. दवाखान्यात पोटातून पाणी काढलं. लिव्हर सुजलं आहे असं डॉक्टर म्हणाल्या. दारू? नाही. कावीळ होऊन गेली? नाही. मग त्यांनी विचारलं, एखादी जडीबुटी, वैदूचं औषध? रीताने सासऱ्यांकडे पाहिलं. गुरुजी शांतपणे नाही म्हणाले. ते खोटं बोलत होते असं नाही. त्यांच्या लेखी बोरेज जडीबुटी नव्हतीच, ती घरची भाजी होती. सगळ्यांसमोर सासऱ्यांना खोडणं रीताच्याने झालं नाही.

पाणी काढल्यावर तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी पोट पुन्हा भरू लागलं. डॉक्टर कागद पुन्हा पुन्हा चाळत होत्या, त्यांना कारण सापडत नव्हतं. पाचव्या दिवशी दुपारी रीता नळावरून परत आली, तर गुरुजी पलंगाजवळ पाठमोरे बसले होते. थर्मासच्या झाकणातून ते रुखमाबाईंना काहीतरी पाजत होते. तो उग्र, हिरवट वास रीताने दारातच ओळखला. सुकवलेला पाला त्यांनी पिशवीत सोबत आणला होता आणि बाहेरच्या चहाच्या टपरीवर पाणी गरम करून घेत होते.

कपडे आणायचे आहेत असं सांगून रीताने एसटी पकडली. बसमध्ये तिला सारखं वाटत होतं की जुलैतच आपण हे झाड उपटून टाकायला हवं होतं. वाडीत जाऊन तिने एक झाड मुळासकट उपटलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थेट डॉक्टरांच्या खोलीत टेबलावर ठेवलं. शेजारी मोबाईल ठेवला, त्यात हिवाळ्यातली निळी फुलं.

"हे दोन एक नाई," ती म्हणाली. "अन् आई हे दोन महिन्यांपासून पिऊन राह्यली. कालपर्यंत."

डॉक्टरांनी झाडाचे फोटो महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना पाठवले. अर्ध्या तासात फोन आला. हे बोरेज नव्हे. ही हत्तीसोंड. बोरेजच्याच कुळातली, पण तलावाकाठी, नाल्यात आपली आपण उगवणारी. बोरेजही रोज औषधासारखं पिऊ नये, आणि ही तर थेट लिव्हर निकामी करते. रोपं लहान असताना दोन्हीची पानं पाहून फसायला होतं.

बोरेजचं बी उन्हाने मेलं होतं. त्या वाफ्यावर पावसाने दुसरंच आणून पेरलं होतं.

गुरुजी बाहेर बाकावर बसले होते. पायाशी थर्मास होता. रीताने त्यांना प्राध्यापकांचा शब्द न् शब्द सांगितला. त्यांनी मोबाईल हातात घेतला, निळ्या फुलाचा फोटो बोटांनी मोठा केला, मग वर्तमानपत्रातलं वाळू लागलेलं झाड पाहिलं. बराच वेळ दोन्हीकडे आळीपाळीने पाहत राहिले.

"तुले माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"संशय होता, बाबा."

"मंग बोलली काऊन नाई?"

"बोलली होती."

गुरुजींनी मान हलवली. उठले, थर्मास घेऊन मोरीपर्यंत गेले आणि काढा ओतून दिला. परत आले तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. "पाच घरं," ते म्हणाले. "चाल."

भूपेशला आईजवळ ठेवून सून-सासरे गावी आले. गुरुजींनी आधी वाफा खणून काढला आणि झाडं जाळली. मग घरोघरी गेले. प्रत्येक दारात उभं राहून एकच सांगितलं, की मी दिलेला पाला विषारी निघाला, फेकून द्या, आणि कोणाचं पोट दुखत असेल तर आत्ता सांगा. पहिल्या घरी लोक हसले. दुसरीकडे म्हातारी उलट समजूत घालू लागली, की गुरुजी, बाईच्या आजारानं तुमचं डोकं फिरलं, आम्हाले तर गुण आला. तिसऱ्या आणि चौथ्या घरी पाला सुकवून ठेवलेला होता, अजून वापरलेला नव्हता.

पाचवं घर मंगलीचं. तिचा नवरा मनसाराम तलावावर मासे धरायचा. त्यांची डिंपल अडीच वर्षांची. पावसाळाभर तिला खोकला होता, आणि मंगली रोज दोन चमचे रस मधात घालून तिला देत होती. गुरुजींनी सांगितलं होतं अगदी तसं, न चुकता.

डिंपल ओसरीवर खाटेवर पडली होती. झबलं वर सरकलं होतं. गुरुजी दारातच थांबले. त्यांनी तोंडही उघडलं नव्हतं, तोच मंगली म्हणाली, "बरं झालं आले गुरुजी. पोट फुगून राह्यलं पोरीचं. रस वाढवू का?"

रीताने पोरीला उचललं. अंग पिसासारखं हलकं, पोट दगडासारखं. गुरुजी उंबऱ्यावर बसून राहिले.

त्याच संध्याकाळी डिंपलला गडचिरोलीला नेलं. मोठ्यांच्या वॉर्डात रुखमाबाई आणि लहान मुलांच्या वॉर्डात डिंपल. रीता दोन्हीकडे जात-येत होती. नवव्या दिवशी पहाटे रुखमाबाई गेल्या. शुद्ध हरपण्याआधी त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं, की आज काढा नाही केला का. गुरुजींनी त्यांना खरं सांगितलं की नाही, हे रीताला शेवटपर्यंत कळलं नाही.

डिंपल जगली. दीड महिन्याने घरी आली, पण पोट पूर्ण उतरलं नाही. लिव्हर सावरेल किंवा हळूहळू आकसत जाईल, आत्ताच सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. दर महिन्याला रक्त तपासायचं. मनसाराम गुरुजींशी बोलत नाही. पंचायतीसमोर मात्र त्याने त्यांच्याविरुद्ध एक शब्दही काढला नाही, आणि गुरुजींना तेच जास्त लागलं.

आता गावात कोणी पाला मागायला येत नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी गुरुजी मंगलीच्या दारात उभे राहतात. मंगली डिंपलला त्यांच्याकडे देते आणि स्वतः मागून चालते. तिघं सकाळच्या एसटीने गडचिरोलीला जातात. या वेळचे आकडे डॉक्टरांना पटले नाहीत. त्यांनी नमुना पुन्हा घेऊन नागपूरला पाठवला आहे. रिपोर्ट यायला आठ दिवस लागतील.

परतीच्या बसमध्ये डिंपल गुरुजींच्या मांडीवर झोपली. त्यांनी झबल्यावरून तिच्या पोटावर तळहात ठेवला आणि मोजल्यासारखा तसाच ठेवून बसले. मंगलीने विचारलं, कमी वाटते का. गुरुजी खिडकीबाहेर पाहत म्हणाले, मले कळत नाई.