हरभऱ्याएवढा उरलेला मी

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे आणि मला फार घाई आहे. साडेचारशे कोटी वर्षांच्या दगडाला कसली आली घाई, असे म्हणून हसू नका. आधी सगळे ऐकून घ्या. आज मी हरभऱ्याच्या दाण्याएवढा उरलो आहे आणि उद्या सकाळी दहा वाजता माझा आणखी एक कण खरवडला जाणार आहे.

माझी आई एक लघुग्रह आहे. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात ती सूर्याभोवती फिरत असते. तिथे लाखो दगड आहेत. काहींवर ऊन पडले की ते चकाकतात. आमची आई मात्र काळी कुळकुळीत. अंगावर पडलेला बहुतेक सगळा उजेड ती गिळून टाकते, म्हणून दुर्बिणीतून पाहणाऱ्यांचे लक्षही तिच्याकडे चटकन जात नाही. ग्रह तयार होत होते तेव्हा उरलेसुरले सामान गोळा होऊन ती बनली. पुढे पृथ्वी तापली, वितळली, निवली. स्वतःच्या लहानपणाची एकही वस्तू तिने ठेवली नाही. आईने सगळे जपले: कार्बन, मातीच्या कणाकणात बांधून ठेवलेले पाणी आणि सजीवांना लागणारी काही साधी द्रव्ये. हे कोणाला दाखवायच्या आतच आपला चुरा होईल, ही एकच धास्ती तिला होती.

आणि एकदा धडक बसलीच. कुठला तरी उडाणटप्पू दगड येऊन आदळला आणि आईच्या अंगाचे तुकडे उडाले. त्यांतला मी एक. आईने मागून हाक मारली असेल, पण तिथे हवाच नाही, मला ऐकू काय येणार? पुढची लाखो वर्षे मी एकटा भटकलो. मग एका दुपारी पृथ्वीने मला ओढून घेतले. वरच्या हवेत माझे बहुतेक अंग जळाले, मोठा धडाका झाला आणि जेमतेम लिंबाएवढा मी एका इस्त्रीच्या दुकानामागे, उघड्या पोत्यात धप्पकन पडलो.

पोते कोळशाचे होते.

माझे दैव बघा, मित्रांनो! एवढी मोठी पृथ्वी, आणि मी पडलो ते नेमके जिथे ओळखू येणार नाही तिथे. धडाका ऐकून सगळी गल्ली पुढच्या रस्त्यावर जमून वर बघत होती. मागच्या बाजूला चिटपाखरू नव्हते.

दुकान होते इस्त्रीवाल्या मावशींचे. सगळी गल्ली त्यांना मावशीच म्हणे. एका खोलीत लांब टेबल, त्यावर जाड चादर, भिंतीशी कपड्यांचे गठ्ठे आणि दाराजवळ शेगडी. शेगडीत कोळसे पेटवायचे आणि लाल झाले की इस्त्रीच्या पोटात भरायचे. मावशींची नणंद घड्या घालायला बसायची. तीस वर्षांत एकही कपडा जळू दिला नाही, हा मावशींचा अभिमान होता. तो त्या दिवसातून दोनदा तरी बोलून दाखवायच्या.

कोळसा निवडायची त्यांची एक रीत होती. दोन कोळसे घेऊन एकमेकांवर आपटायचे. टणटणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर ओला. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या हाती लागलो. माझा आवाज अर्थातच बद्द आला. मावशींनी मला तळहातावर जोखले.

"केवढा जड लागतोय! या कोळसेवाल्याने पुन्हा पाणी मारून माल दिलाय."

नणंद म्हणाली, "त्याला पाण्याचेच पैसे मिळतात, वहिनी. कोळसा वर फुकट."

मावशींनी खात्री करायला मला पुन्हा जोरात आपटले आणि त्या ठोक्याने मी दोन झालो. हरभऱ्याएवढा तुकडा उडाला आणि खिडकीतल्या, झाकण हरवलेल्या डब्यात पडला. गिऱ्हाइकांच्या कपड्यांची गळालेली बटणे त्या डब्यात ठेवत. तुमच्याशी बोलतोय तो मी हा लहान तुकडा. मोठा तुकडा म्हणजे माझा दादा. आमच्या आईचे जवळजवळ सगळे सामान त्याच्याजवळ राहिले.

दादाला मावशींनी शेगडीच्या काठावर वाळत ठेवले. ओला आहे असे त्यांना वाटले, आणि खरे सांगू, त्यांचे चुकले नव्हते. पाणी होतेच त्याच्या अंगात. पण ते तुमच्या पृथ्वीपेक्षाही जुने पाणी होते, आणि शेगडीच्या धगीने ते रोज थोडे थोडे उडून चालले होते. मी डब्यातून बघत होतो. ओरडावे असे वाटे, पण दगडाला कुठले तोंड!

तिसऱ्या दिवशी एक बाई आल्या. पायात धुळीने माखलेले बूट, अंगात पांढरा कोट, हातात गल्ल्यांचा नकाशा. आकाशातून पडलेला दगड शोधत त्या घरोघर फिरत होत्या. लोकांनी त्यांचे नाव 'दगडवाल्या बाई' असे ठेवून टाकले होते.

"मावशी, त्या धडाक्यानंतर इथे एखादा काळा दगड सापडला का? मोठा नसेल. लवकर मिळायला हवा हो. उघड्यावर राहिला तर खराब होतो."

"दगड?" मावशी म्हणाल्या. "नाही बाई. थांबा, मागे बघून येऊ."

दोघींनी मागचे अंगण झाडून काढले. पाटाखाली, नळामागे, कौलांच्या ढिगात, सगळीकडे पाहिले. बाईंची नजर कोळशाच्या पोत्यावर गेली तेव्हा माझा जीव टांगणीला लागला.

"यात असेल का?"

"छे! त्यातला एकेक कोळसा माझ्या हाताखालून जातो. दगड असता तर मला कळला नसता होय?"

तीस वर्षांचा हात होता तो, बाईंनी विश्वास ठेवला. जाताना त्या शेगडीपाशी थबकून बुटाची नाडी बांधायला वाकल्या. दादा त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर होता. नाडी बांधून झाली आणि त्या गेल्या. एवढा निराश मी त्या लाखो वर्षांच्या अंधारातही झालो नव्हतो.

आठव्या दिवशी कोळसा कमी पडला. मावशींनी दादाला उचलले, "अजून जडच," म्हणाल्या आणि निखाऱ्यांत घालून इस्त्रीचे झाकण लावले. थोड्या वेळाने आतून तडतड आवाज आला.

"वहिनी, डांबर जळतंय का कुठे?" नणंदेने नाकाला पदर लावला.

मावशींनी झाकण उघडले, चिमट्याने दादाला धरले आणि कोळसे विझवायच्या बादलीत टाकले. चर्रर्र झाले. तापलेला, तडकलेला दादा पाण्यात पडताच सुटा सुटा झाला. बघता बघता त्याचा काळा गाळ झाला. मावशींनी कोळसेवाल्याचा उद्धार करत ती बादली गटारात ओतली.

मित्रांनो, आईने जे कोटी कोटी वर्षे राखले होते, ते माझ्या डोळ्यांदेखत गटारातून वाहून गेले.

दुसऱ्या दिवशी दगडवाल्या बाई पुन्हा आल्या. या खेपेला नकाशा घडी घालून खिशात होता. चुरगळलेला पांढरा कोट त्यांनी टेबलावर ठेवला.

"एवढा करून द्या. दुपारच्या गाडीने परत जातेय. रिकाम्या हाताने."

मावशींनी कोट पसरला. इस्त्री फिरवता फिरवता विचारले, "एवढं काय असतं हो त्या दगडात? सोनं?"

"सोनं नाही. दिसायला अगदी तुमच्या या कोळशासारखा. पण हाताला जड लागतो, कारण मुळात दगडच. आत फार जुनं पाणी असतं. आणि तापवला तर डांबरासारखा वास..."

मावशींचा हात थांबला. इस्त्री होती तिथेच कोटावर उभी राहिली. नणंद "वहिनी!" म्हणून ओरडली तेव्हा धूर निघाला होता. कोटाच्या पाठीवर तपकिरी डाग उमटला, अगदी इस्त्रीच्या आकाराचा.

मावशींनी डागाकडे बघितलेसुद्धा नाही. "बाई, तो माझ्याकडेच होता," त्या म्हणाल्या. "ओला म्हणून वाळवला. मग जाळला. काल गटारात ओतला. माझ्या या हातांनी."

बाई गटारापाशी जाऊन गुडघ्यांवर बसल्या आणि पाणी बघून परत आल्या. "तुम्हाला काय माहीत," एवढेच म्हणाल्या.

मावशींनी डोळे पुसले. "कोट मी भरून देईन. आणि याचं एक बटणही तुटलंय. निदान तेवढं तरी लावू द्या मला." त्यांनी डबा टेबलावर उपडा केला. पांढरी, निळी, शिंपल्याची बटणे घरंगळली आणि त्यांच्यामागून मी.

मावशी मला उचलायला गेल्या आणि चटका बसावा तसा त्यांनी हात मागे घेतला. "हे बटण नाही. बाई, हे बघा! हात लावू नका, आधी बघा!"

बाईंनी कागदाने मला उचलले, उजेडात धरले आणि त्या रडू लागल्या. नणंदही रडू लागली. मला रडता येत नाही. आले असते तरी तेवढे पाणी मी खर्च केले नसते.

आता मी प्रयोगशाळेत आहे. नायट्रोजन भरलेल्या काचेच्या पेटीत, कोरडा, सुरक्षित. बाई रोज येतात. कोट तोच, डागाचा. मावशींनी भरून देऊ केला तो त्यांनी घेतला नाही. मावशीही एकदा येऊन गेल्या. काचेपलीकडून बराच वेळ बघत राहिल्या आणि जाताना म्हणाल्या, "किती जड होता रे तुझा भाऊ."

पण माझी धास्ती गेलेली नाही. मला एक प्रश्न विचारायचा म्हणजे माझा एक कण घ्यायचा, आणि तो तापवायचा किंवा विरघळवायचा. पाणी कुठून आले, हे विचारले की एक कण गेला. सजीवांचे सामान कोणी आणले, हे विचारले की आणखी एक. उत्तर देता देता मी संपणार आहे. प्रश्न नीट नसेल तर तो कण फुकट जाईल, दादासारखाच. आणि कोणी विचारलेच नाही, तर आईने एवढे जपले ते कशासाठी?

म्हणून विनवतो, मित्रांनो. तुमच्यातले कोणी मोठे होऊन या पेटीपाशी येईल. तोवर मी किती उरलो असेन कोण जाणे. येताना प्रश्न घेऊन या. घरून दहादा घासूनपुसून आणा. आणि लवकर या.