एका रात्रीने काय होतंय

गॅल्व्हस्टनच्या धक्क्यावर, जहाजात चढणाऱ्यांच्या रांगेत रॉइस हॅचर खांद्यावरची करडी पिशवी अशी छातीशी धरून उभा होता, जणू तिच्यात बायकोचे दागिनेच आहेत. पिशवीत होतं त्याचं सीपॅप, म्हणजे नाकावर मुखवटा बांधून झोपायचं श्वासाचं यंत्र. मोठ्या बॅगा हमालांच्या हवाली करा, पण यंत्र हातातच ठेवा, हे त्याने चार ठिकाणी वाचलं होतं. डॉक्टरांची चिठ्ठी घेतली होती. यंत्रात घालायचं शुद्ध पाणी खोलीत ठेवा म्हणून जहाजवाल्यांना महिनाभर आधी कळवलं होतं. सत्तरी ओलांडलेला हा माणूस जन्मात कुठे एवढी तयारी करून निघाला नव्हता. या खेपेला त्याला तसंच कारण होतं.

त्याची बायको ग्लेंडा गेली नऊ वर्षं शिवणाच्या खोलीत झोपत होती. रॉइस नुसता घोरला असता तर तिने सोसलं असतं. पण झोपेत मध्येच त्याचा श्वास थांबायचा. अकरा वर्षं ती त्याला तपासून घे म्हणून विनवत राहिली, आणि हा आपला, "सोंड लावून झोपायला मी काय हत्ती आहे?" लाकडाच्या गिरणीत चाळीस वर्षं काढलेला गडी, त्याला कोण सांगणार! शेवटी तिने उशी उचलली आणि खोली बदलली. त्यावरही या बहाद्दराने सात वर्षं घालवली. दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या डॉक्टरांनी चांगला दम भरला, तेव्हा कुठे मुखवटा नाकावर चढला.

आता आवाज नाही, काही नाही, म्हणजे ग्लेंडा आपण होऊन परत येईल असं त्याला वाटलं होतं. ती आली नाही. बोलावण्याची त्याला लाज वाटली. म्हणून मग लग्नाच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाचं निमित्त काढून त्याने ही पाच रात्रींची सफर ठरवली आणि खोली मुद्दाम एकाच पलंगाची घेतली. पाच रात्री शेजारी निवांत झोपली की घरी गेल्यावर ती शिवणाच्या खोलीकडे वळणार नाही, असा त्याचा साधा हिशोब होता.

खोलीत शुद्ध पाण्याची बाटली होती, फक्त पलंगाजवळ प्लग नव्हता. एकुलता एक प्लग आरशाखाली, पार दुसऱ्या टोकाला. रॉइस गालात हसला. त्याचीही सोय त्याने केली होती. आपल्या कामाच्या शेडमधला लांब वायरचा जाडजूड बोर्ड त्याने मोठ्या बॅगेत घातला होता. संध्याकाळी बॅग आली तेव्हा तिच्यावर चिठ्ठी होती. असले बोर्ड जहाजावर चालत नाहीत, काढून घेतला आहे, तळमजल्यावर येऊन सही करा.

तो खाली गेला. तिथे चूळ भरायच्या औषधाच्या बाटलीत व्हिस्की चोरून आणताना पकडलेल्यांची ही लांबलचक रांग. त्या चोरांच्या मागे उभं राहायचं, या विचारानेच त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो तसाच वर आला.

"अरे, खोली आवरतो ना तो, त्याला विचार," ग्लेंडा म्हणाली. "त्यांच्याकडे असेल एखादी वायर."

"मी भीक मागत हिंडू? माझी चांगली वस्तू ठेवून घेतात आणि वर मीच हात पसरू? राहू दे. एका रात्रीने काय होतंय!"

ग्लेंडा त्याच्याकडे बघत राहिली. मग कपडे कपाटात लावू लागली.

रॉइसला झक्क झोप लागली. सकाळी उठला तर बायको शेजारी नाही. शोधत शोधत वरच्या डेकवर गेला, तर ती लांब खुर्चीत गाढ झोपलेली, उन्हाकडचा गाल लालबुंद. समुद्राची हवा मानवली हिला, असं मनाशी म्हणत तो खुशीत न्याहारीला गेला.

जेवणाला त्यांच्या टेबलावर लुइझियानाचं एक जोडपं होतं, क्लोव्हिस आणि एर्लीन. क्लोव्हिस कोळंबीच्या होड्यांवर म्हातारा झालेला, अबोल. त्याच्या वाटणीचं बोलणंही एर्लीनच बोलायची.

"अगंबाई ग्लेंडा, तुझा एकच गाल भाजलाय! दुसऱ्या बाजूने परतायला विसरलं वाटतं कुणी?"

"खुर्चीत डोळा लागला गं."

"म्हणजे रात्रभर जागलात! या वयात?" एर्लीनने रॉइसकडे बघून डोळा मिचकावला.

"कसलं आलंय. याचं श्वासाचं यंत्र चाललं नाही, म्हणून मी जागी."

"आमच्याकडे पण आहे," क्लोव्हिस म्हणाला. "पाच वर्षं झाली, मुसकं बांधून झोपतो."

"आणि काय देखणा दिसतो म्हणून सांगू! पण ग्लेंडा, तू कशाला जागायचं? कानात बोळे घालायचे."

"आवाजाचं काही नाही गं. आवाज थांबला की भीती वाटते." एखाद्या पदार्थाची कृती सांगावी तशी ग्लेंडा सांगू लागली. "श्वास थांबला की मी आकडे मोजायचे. वीसच्या पुढे गेलं की कोपराने ढोसायचं. मग हा दोन शिव्या घालणार, कुशीवर वळणार, की पुन्हा पहिल्यापासून. अकरा वर्षं मोजलं. त्यातच माझी बस गेली."

"कसली बस?"

"शाळेची. बावीस वर्षं चालवली मी. चौदा नंबर." पाव मोडता मोडता ती बोलत होती. "फेब्रुवारीतली सकाळ होती. आदल्या रात्री मी दोन तास झोपले असेन. बसमध्ये अकरा मुलं. एका क्षणासाठी डोळा मिटला. उघडला तेव्हा पुढची चाकं रस्त्याखाली होती आणि समोर हे एवढं पाइनचं झाड. कुणाला ओरखडासुद्धा नाही आला, देवाची कृपा. मुलांना शाळेत सोडलं, ऑफिसात गेले आणि किल्ल्या टेबलावर ठेवून आले. त्याच आठवड्यात खोली बदलली. पण मुलांना घेऊन पुन्हा गाडीवर बसायची हिंमत काही झाली नाही."

एर्लीनने पाण्याचा ग्लास ग्लेंडापुढे सरकवला. क्लोव्हिस खाली मान घालून पावाला लोणी लावत राहिला.

रॉइसने काटा खाली ठेवला. हे तो पहिल्यांदा ऐकत होता. त्याला ती फेब्रुवारीतली संध्याकाळ आठवली. बस सोडली, पाठ फार दुखते, एवढंच ती बोलली होती. आणि तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला होता, "बरं झालं. आता सकाळी गरम न्याहारी तरी मिळेल." ते वाक्य आठवलं आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

जेवण होताच त्याने खोली आवरणाऱ्या माणसाला गाठून वायर मागितली. पाच मिनिटांत तो हसतमुखाने घेऊन आला. पाच मिनिटांचं काम होतं. काल केलं असतं तर!

उरलेल्या चारही रात्री यंत्र मुकाट चाललं. तरी ग्लेंडा रोज दुपारी डेकवर त्याच्या शेजारी ढाराढूर झोपायची आणि तो पुस्तकाचं एकच पान उघडून बसायचा. तिसऱ्या दुपारी ती जागी झाल्यावर त्याने विचारलं, "मला का नाही सांगितलंस बसचं?"

"तपासून घे म्हणून अकरा वर्षं सांगत होते ना? आणखी काय सांगायला हवं होतं?"

"पण बसचं कळलं असतं तर मी..."

"तर गेला असतास?"

त्याला हो म्हणायचं होतं. पण त्या काळचा रॉइस त्याच्या चांगला ओळखीचा होता. त्याला खोटं बोलवेना.

शेवटच्या सकाळी सगळे सामान घेऊन उतरण्याच्या नंबरची वाट बघत बसले होते. रॉइसने घसा खाकरला. "घरी गेल्यावर... येशील का आपल्या खोलीत?"

ग्लेंडाने त्याच्या हातावर हात ठेवला. तेवढ्यावरूनच तो समजला.

"मी यायचं ठरवूनच निघाले होते," ती म्हणाली. "शेजारच्या कॅरलला सांगूनही ठेवलं होतं, आम्ही आलो की शिवणाच्या खोलीतला पलंग घेऊन जा म्हणून. पण पहिल्याच संध्याकाळी तू म्हणालास, एका रात्रीने काय होतंय. पूर्वी मी झोप झाली नाही म्हटलं की रोज हेच म्हणायचास. ते ऐकलं आणि मी पुन्हा मोजायला लागले. मग यंत्र सुरू झालं तरी मोजतच होते. चारही रात्री. थांबवताच येईना रे."

"मी आता एकही रात्र चुकवणार नाही."

"नाही चुकवणार, कळतंय मला. पण मला झोप हवी, रॉइस. कॅरलला फोन करते, पलंग राहू दे म्हणून."

त्यांचा नंबर पुकारला. तिने पर्स उचलली, त्याने करडी पिशवी खांद्याला लावली.

गाडी बेटावरच्या पुलाच्या मध्यावर येईतो ग्लेंडाचा डोळा लागला. डोकं काचेला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, बारीक घोरणं एका लयीत चाललेलं. रॉइसने रेडिओ बंद केला. बराच वेळ तो मधूनमधून तिच्याकडे बघत होता. रात्री शेजारी टक्क जागी राहणारी ही बाई इथे अशी निर्धास्त कशी, याचा उलगडा त्याला ह्यूस्टन मागे पडल्यावर झाला. तो जागा होता. तो जागा असला की तिला काही मोजावं लागत नव्हतं. डेकवरच्या दुपारीही तसंच होतं आणि तो मात्र समुद्राच्या हवेला श्रेय देत बसला होता. त्याचे डोळे भरून आले. ते पुसायलाही त्याने चाकावरचा हात काढला नाही.

निघाल्यापासून पावणेतीन तासांनी लफकिनचा फाटा आला. तिथून घर दहा मिनिटांवर होतं. ग्लेंडा झोपलेलीच होती. रॉइसने काट्याकडे पाहिलं. पेट्रोल अर्धी टाकी होतं. त्याने वेग थोडा कमी केला, फाटा जाऊ दिला आणि गाडी तशीच सरळ उत्तरेला पुढे नेली.