औषध नव्हे, तांदूळ

टॉवर क्रेन चालवणाऱ्या त्या माणसाला साइटवर सगळे 'आकाशवाणी' म्हणायचे. चव्वेचाळीस मीटर उंचीवरून वायरलेसवर त्याचा आवाज खाली यायचा, नेहमी शांत, एका लयीत. "बादली उचलतोय. खालचे बाजूला व्हा." बावीस वर्षांत त्याच्या हातून कुणाच्या डोक्यावर खडासुद्धा पडला नव्हता. वाऱ्याला तो भीत नसे, उंचीला तर नाहीच नाही. तो भीत होता स्वतःच्या बावन्नाव्या वर्षाला.

त्याचा थोरला भाऊ बावन्नाव्या वर्षी गेला होता. सकाळी कामावर निघताना बुटाची नाडी बांधायला वाकला तो उठलाच नाही. त्याआधी चार महिने डॉक्टरांनी त्याला कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली होती. धाकट्याने मनातल्या मनात या दोन गोष्टींची गाठ मारून टाकली. गोळी सुरू झाली आणि भाऊ गेला. हे तो कुणाजवळ बोलला नाही, त्यामुळे ते खोडून काढायलाही कुणी आलं नाही.

आता तो एक्कावन्न वर्षांचा होता आणि वार्षिक तपासणीचा कागद त्याच्या हातात होता. कोलेस्टेरॉल दोनशे अठ्ठ्याहत्तर.

"घाबरण्यासारखं काही नाही," कंपनीच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "पण सख्खा भाऊ असा गेलाय म्हणता. रोज एक गोळी सुरू करू. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त बघू."

चिठ्ठी घडी करून त्याने खिशात घातली. घरी जाताना औषधाच्या दुकानासमोरून तो दोनदा गेला, आणि दोन्ही वेळा पाय पुढेच निघाले. मग कोपऱ्यावरचं दुसरं दुकान दिसलं. काचेत मधाच्या बरण्या, सुकी पानं, हिरव्या झाकणांच्या बाटल्या. आतल्या माणसाने त्याचं सगळं ऐकून घेतलं, अगदी सख्ख्या भावासारखं.

"गोळ्या नकोत ना? योग्य विचार आहे तुमचा," दुकानदार म्हणाला. "हा लाल तांदूळ. खमीर लावून आंबवलेला, त्याची पूड कॅप्सूलमध्ये. शंभर टक्के नैसर्गिक. रोज दोन घ्यायच्या."

"काही अपाय वगैरे?"

"साहेब, तांदळाने कुणाला अपाय झालाय?"

हे त्याला एकदम पटलं. तांदूळच तर होता.

बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. केसाएवढा फरक तिच्या नजरेतून सुटत नसे. तिने बाटली उलटसुलट करून पाहिली.

"ही डॉक्टरांनी दिली?"

"मग काय मी स्वतः शोधून आणली?"

"डॉक्टर हल्ली तांदूळ द्यायला लागले म्हणायचे! उद्या सर्दीला खिचडी लिहून देतील." ती हसली आणि बाटली तिने जेवणाच्या टेबलावर ठेवली. तोही हसला, पण तिच्याकडे न बघता. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. थापा त्याने आधीही मारल्या होत्या, पण साध्या, उशीर का झाला वगैरे. ही मात्र घशातून खाली उतरायला कॅप्सूलपेक्षा जड गेली.

सहा आठवड्यांनी त्याने गुपचूप एका खासगी लॅबमध्ये रक्त दिलं. दोनशे चौदा! त्या दिवशी केबिनमध्ये तो चक्क गाणं गुणगुणला आणि वायरलेस चालू असल्याने ते साऱ्या साइटने ऐकलं. 'दोनाने एवढा फरक, तर चाराने किती पडेल,' असा हिशेब त्याने केला. औषध असतं तर त्याला असं वाढवायचा धीर झाला नसता. पण भाताची एक मूठ जास्त घ्यायला कुणी डॉक्टरांना विचारतं का?

चार कॅप्सूल सुरू झाल्यावर पंधरा-वीस दिवसांत मांड्या दुखायला लागल्या. आधी वाटलं, शिडीमुळे असेल. रोज चव्वेचाळीस मीटर चढायचं म्हणजे काही खेळ नव्हे. मग दंड दुखायला लागले. वाळत घातलेले कपडे काढताना हात खांद्याच्या वर जाईनात. आणि त्याच्या मनात शंका शिरली, हे हृदयाचंच असणार. रक्त पोचत नाहीये. भावालाही आधी असंच झालं असेल, त्याने सांगितलं नसेल. धास्तीने तो कॅप्सूल आणखी नेमाने घ्यायला लागला, एकही चुकवली नाही. बुडणाऱ्याने दगडाला मिठी मारावी तसं ते होतं. पण तेव्हा त्याला तो दगड काठासारखा वाटत होता.

त्यातच घसा बसला, ताप आला. घराजवळच्या डॉक्टरीणबाईंनी घसा पाहिला, जंतू मारायच्या सात दिवसांच्या गोळ्या लिहिल्या आणि पेन थांबवून विचारलं, "आणखी कुठलं औषध चालू आहे का?"

"काही नाही," तो म्हणाला. त्याच्या मते ते खरंच होतं.

ताप दोन दिवसांत उतरला आणि तो कामावर गेला. पाचव्या दिवशी शिडी चढताना त्याला प्रत्येक टप्प्यावर थांबावं लागलं. शिडीला दर सहा मीटरवर जाळीची एक फळी असते, बसून दम खायला. बावीस वर्षांत तो त्यांच्यावर कधी बसला नव्हता. त्या दिवशी सातही फळ्यांवर बसला.

दुपारी साडेबाराला त्याने केबिनमधल्या बाटलीत लघवी केली. क्रेनवाल्यांना तेवढ्यासाठी खाली उतरून चालत नाही, प्रत्येकाजवळ अशी बाटली असते. बाटली उजेडात धरली. लघवी काळपट तपकिरी होती, उकळून उकळून कडू झालेल्या चहासारखी.

नेमकं तेव्हाच वायरलेसवर खालून आवाज आला. "दादा, बादली भरली. उचला."

हा खालचा माणूस म्हणजे 'शिट्टी'. जाडजूड, पन्नाशीचा, अकरा वर्षं जमिनीवरून इशारे देणारा. वरच्याला जे दिसत नाही ते बघणं त्याचं काम. दोघं एकमेकांचा श्वाससुद्धा ओळखत. शिट्टीला उंचीची भयंकर भीती होती. घरी बल्ब बदलायलासुद्धा बायकोला स्टुलावर चढवतो, असं तो स्वतःच सांगायचा.

बादलीत दोन टन ओलं काँक्रीट होतं. ती उचलली गेली, सहाव्या मजल्यावर पोचली, आणि त्याचा उजवा हात थरथरायला लागला. दांडा बोटांत होता, पण बोटं आपली वाटत नव्हती. बादली झुलायला लागली. तिच्याखाली पाच माणसं उभी होती.

"दादा? काय चाललंय?"

"माणसं हलव," तो म्हणाला. "सगळी. आत्ता."

शिट्टीने एकदाही का म्हणून विचारलं नाही. त्याची शिटी वाजली, पिवळी शिरस्त्राणं चारी दिशांना पांगली. वर केबिनमध्ये डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरून त्याने बादली रिकाम्या जागेत उतरवली, दोरावरचा ताण सोडला, यंत्र बंद केलं. लोक म्हणतात पायाखालची जमीन सरकली. त्याच्या पायाखाली जमीन नव्हतीच, नुसती काच होती, आणि काचेखाली सगळं काही मुंगीएवढं. 'आता छातीत कळ येणार,' तो वाट बघत होता. 'बावन्न पूर्ण व्हायला अजून पाच महिने आहेत, तरी येणार.'

वर मरायचं नाही एवढंच त्याने ठरवलं आणि कमरेचा पट्टा शिडीच्या दोराला अडकवून तो उतरायला लागला. पहिली फळी आली. दुसरी आली. तिसरीच्या दोन पायऱ्या वर गुडघे दुमडले ते पुन्हा सरळ झालेच नाहीत. पट्ट्याने हिसका दिला, तो फळीवर आदळला आणि तिथेच पडून राहिला. हातपाय गळणं म्हणजे काय ते त्याला आजवर ऐकून माहीत होतं.

"दादा, बोला ना!" वायरलेस ओरडत होता. "दोरवाली तुकडी बोलावलीय. वीस मिनिटं लागतील. दादा?"

त्याला बटण दाबता येईना.

थोड्या वेळाने शिडी हादरायला लागली. कुणीतरी वर येत होतं, हळूहळू, मोठमोठ्याने श्वास घेत. आधी एक घामेजलेला पंजा दिसला, मग शिट्टीचा पांढराफटक चेहरा. डोळे घट्ट मिटलेले. तीस मीटर तो डोळे मिटून चढला होता.

"तू कशाला आलास?"

"तुमचा आवाज बंद झाला म्हणून," शिट्टी डोळे न उघडताच म्हणाला. त्याने फळीची जाळी एका हाताने आणि आकाशवाणीची कॉलर दुसऱ्या हाताने धरली. "आता काहीतरी बोलत राहा. नाहीतर मीच इथून पडेन."

"मी मरतोय रे."

"ते नंतर. दुसरं काहीतरी बोला."

तेव्हा त्या फळीवर, वाऱ्यात, त्याने पहिल्यांदा सगळं सांगितलं. भाऊ, गोळी, चिठ्ठी, तांदूळ, बायकोला मारलेली थाप. शिट्टी नुसता हुं हुं करत राहिला. तुकडी आली, दोघांनाही झोळीत बांधून खाली सोडलं. शिट्टी खाली पोचल्यावर वाळूच्या ढिगावर बसून ओकला.

इस्पितळात छातीला वायरी लावल्या. हृदय ठणठणीत होतं. मग रक्ताचा अहवाल आला आणि तरुण डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कुठलं औषध घेता तुम्ही?"

"घशाच्या गोळ्या. बाकी काही नाही."

बायको शेजारी उभी होती, दुकानाचा एप्रन तसाच अंगावर. "अहो, आणि डॉक्टरांनी दिलेल्या त्या कॅप्सूल?"

छताकडे बघत तो म्हणाला, "त्या डॉक्टरांनी दिलेल्या नाहीत."

बायको तशीच निघाली. अर्ध्या तासात घरी जाऊन बाटली घेऊन आली आणि डॉक्टरीणबाईंच्या हातात ठेवली. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. रडली असती, भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"तुम्ही ज्या गोळीला घाबरलात ना," डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या, "तिच्यातलं द्रव्य आणि या तांदळावर खमिरामुळे तयार होणारं द्रव्य एकाच कुळातलं. गुण तेच, दोषही तेच. फरक एवढाच की गोळीत ते किती आहे हे मोजलेलं असतं. या बाटलीत किती आहे हे कुणालाच माहीत नाही. तुम्ही घेतलं दुप्पट, आणि घशाच्या औषधाने ते शरीरात साठवून ठेवलं. तुमचे स्नायू विरघळतायत. तो कचरा मूत्रपिंडात अडकतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे आता सलाइन, आणि तासातासाला लघवी मोजायची. मूत्रपिंडांनी साथ दिली तर ठीक. नाही दिली तर काही दिवस यंत्रावर रक्त शुद्ध करावं लागेल."

पहिले दोन दिवस मूत्रपिंडांनी साथ दिली नाही. नर्स यायची, पिशवीवरच्या रेघा बघायची, कागदावर आकडा लिहायची. तो तिच्या चेहऱ्यावर आकडा वाचायचा प्रयत्न करायचा. पाय ओंडक्यासारखे पडून होते. पलीकडे ते यंत्र आणून ठेवलं होतं, चादरीने झाकून, आणि त्याची नजर पुन्हा पुन्हा तिकडेच जायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आल्या, थोरल्या भावाच्या पत्नी. बायकोने त्यांना सगळं सांगितलं असावं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"भावोजी, ह्यांनी ती गोळी कधी घेतलीच नव्हती."

"काय?"

"गेल्यावर महिन्याभराने ह्यांचं हत्यारांचं कपाट आवरलं. चारही महिन्यांची पाकिटं होती तिथे. एकही गोळी फोडलेली नव्हती. ह्यांनाही भीतीच वाटायची. मला म्हणायचे, घेतली, घेतली."

"वहिनी, हे तुम्ही सांगितलं का नाही?"

"गेलेल्या माणसाची चहाडी कुणाजवळ करू? वाटलं, झाकली मूठ बरी." त्यांनी त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. "आज तुम्हाला असं बघून वाटतंय, चुकलंच माझं."

त्याने उठून त्यांचा हात धरायचा प्रयत्न केला, पण हात उचलला गेला नाही. मग त्यांनीच त्याचा हात धरला. भाऊ गेला तेव्हा त्याला रडू आलं नव्हतं. ते आता आलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पिशवी भरायला लागली. रंग आधी तपकिरी, मग गढूळ पिवळा, मग स्वच्छ. झाकलेलं यंत्र न उघडताच परत नेलं. अकराव्या दिवशी तो घरी आला, काठी टेकत.

पुढे चार महिने त्याला क्रेनवर चढायची परवानगी नव्हती. शिट्टीशेजारी उभा राहून तो खालून इशारे द्यायचा, आणि वर केबिनमध्ये दुसरीच एक चालक बसायची. बायकोने अबोला धरला नाही, पण त्याच्या बोलण्यावरचा तिचा भरवसा उडाला होता. तो म्हणाला जेवलो, तर ती डबा उघडून बघायची. त्याने कधी तक्रार केली नाही.

रक्त पुन्हा तपासलं. कोलेस्टेरॉल होतं तिथेच जाऊन बसलं होतं. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी या वेळी दुसऱ्या जातीची गोळी लिहिली आणि कुठल्या तारखांना रक्त तपासायचं तेही लिहून दिलं.

पहिली गोळी त्याने सकाळी बायकोसमोर घेतली. पाणी हनुवटीवर सांडलं. तासभर तो खुर्चीत ताठ बसून राहिला आणि तिने दुकानात उशिरा येते म्हणून कळवलं.

संध्याकाळी साइटवरून आला तो दारातच म्हणाला, "अगं, माझे पाय दुखतायत."

ती चपला घालायला लागली. दोघं रिक्षाने इस्पितळात गेले, रक्त दिलं आणि बाकावर बसून राहिले. काही नव्हतं. दिवसभर उन्हात उभे राहिलेले पाय, तेवढंच. अहवाल वाचून झाल्यावर बायकोने तो घडी करून पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "उद्या दुखले तर उद्याही सांगा."