उद्याचा आवाज

पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा मास्तरांनी मान वर न करताच "शाबास, भिंगरे!" म्हटलं. मग त्यांच्या लक्षात आलं, भिंगरी तर त्यांच्या पायाशीच, चिंध्यांच्या ढिगावर तोंड उघडं टाकून झोपली आहे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईतले. पुढच्या खोलीत विजेचं मशीन टाकून ते गणवेश शिवत. बायको सकाळीच कारखान्यात जाई, की दिवसभर घरात हे आणि सहा वर्षांची मुलगी. मुलगी वेळेआधीच जन्मलेली, पाय लाकडासारखे ताठ. भिंगरी हे नाव आत्यानं ती पाळण्यात असतानाच ठेवलं होतं, पायांचं कळायच्या आधी. नंतर ते बदलायचं कुणाच्या जिवावर आलं नाही.

आता तिला वॉकर मिळाला होता. पुढे दोन चाकं, मागे दोन रबरी बुचं. मास्तरांची पाठ घरातल्या बोळाकडे असे, पण कान तिकडेच. चाकांची खरखर, बुचांचा ठक्, मग एक पाय, मग फरपटत येणारा दुसरा. पोरगी कुठवर आली ते मास्तर पाठीनं ओळखत.

तोच आवाज रिकाम्या बोळातून आला होता. फ्रिजपाशी आला, वर आलेल्या फरशीला चाक अडलं, थोडा थांबला, मग जरासा पुढे सरकून बंद झाला. वॉकर तर भिंतीला टेकून घडी घालून ठेवलेला. उंदीर असेल, असं मास्तरांनी स्वतःला समजावलं. पण उंदीर काही वॉकर घेऊन हिंडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी भिंगरी, जी कधी स्वयंपाकघराच्या दारापुढे गेली नव्हती, ती फ्रिजपर्यंत गेली. फरशीला चाक अडलं. थांबली. "अडलं मेलं!" म्हणून करवादली आणि जराशी पुढे सरकली. मास्तरांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

पुढे हे नेहमीचंच झालं. दुपारी पोरगी झोपली की बोळात आवाज चाले, आणि आज आवाज जिथवर जाई तिथवर उद्या भिंगरी जाई. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, दुपारचं दोन घास जास्त खात जा. उपाशी डोकं काहीही ऐकतं." मग म्हणाली, "आणि आला आवाज तर येऊ दे. चालतेय ना पोरगी!"

तेही खरंच होतं. भीतीची जागा हळूहळू हावेनं घेतली. मास्तर आवाजाची वाट बघू लागले. आज मोरीपर्यंत, आज वळणापर्यंत, आज दारापर्यंत. एक दिवस ही पोरगी जिना उतरून आपल्या पायांनी रस्त्यावर जाईल, एवढंच त्यांना आयुष्यात हवं होतं.

आणि मग एका दुपारी आवाज दाराबाहेर गेला. दार बंद होतं, तरी गेला. बाहेरच्या फरशीवर चाकं खरखरली, जिन्याच्या तोंडाशी पोचली, एक चाक खाली गेलं. वॉकर खडखडत कोसळला आणि पाठोपाठ धप्प असा आवाज झाला, मऊ आणि जड.

मास्तरांनी पेडल पार दाबून धरलं. मशीन नुसतं किंचाळत सुटलं. खाली कापड होतं की नव्हतं, कोण जाणे. पुढचं काही ऐकू येऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. पाय भरून आला तेव्हाच त्यांनी तो काढला. बाहेर सारं सामसूम होतं.

त्या संध्याकाळी वॉकर माळ्यावर गेला. दाराला वरची कडी लागली. बायकोला सांगितलं, चाक दुरुस्तीला दिलंय. भिंगरीनं एकदा माळ्याकडे पाहिलं, एकदा बापाकडे, आणि निमूटपणे रांगायला लागली.

आवाज यायचा थांबला. घर कसं खायला उठलं. दुपारी भिंगरी झोपेनाशी झाली. दाराच्या फटीला कान लावून बसायची. व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या, त्यांनी तिचे गुडघे दाबून पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पुन्हा आखडलेत हो! चालवत नाही का तिला? असंच बसवून ठेवलंत तर हे पाय परत मिळायचे नाहीत." मास्तर खाली मान घालून सुईत दोरा ओवत राहिले. दोरा काही ओवला जाईना.

बाई गेल्यावर भिंगरी दारापासून म्हणाली, "बाबा, ती जिन्यात बसलीय."

"कोण गं?"

"मी."



"तिला उठायचंय," भिंगरी म्हणाली. "पण तू पुढचं होऊच देत नाहीस."

मास्तर मशीनवरून उठले. मग स्टूल ओढलं, माळ्यावरून वॉकर काढला, धूळ पुसली. दाराची वरची कडी काढली. पडायचंच असेल तर माझ्यावर पड, असं मनाशी म्हणत ते जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून उभे राहिले आणि हात पसरले.

"ये. हळू. कडेशी थांबायचं हं."

ती आली. खरखर, ठक्, एक पाय, फरपटत दुसरा. एकेक आवाज त्यांच्या ओळखीचा. कडेशी ती थांबली, हसली, आणि चाक घसरलं. मास्तरांनी झेप घेऊन तिला पोटाशी धरलं. पाय सटकला. वॉकर खडखडत खाली गेला, आणि तिला छातीवर घेऊन मास्तर पाठीवर आपटले. धप्प. तो मऊ, जड आवाज त्यांचाच होता.

पाठ ठणकत होती. छातीवर पोरगी खदखदा हसत होती. "बाबा पडला! बाबा पडला!"

तेवढ्यात वर, रिकाम्या घरात, मशीन सुरू झालं. पेडल पार दाबून धरल्यासारखं, किंचाळत.

 मास्तरांना कळलं, वर पेडल दाबून बसलेत ते त्या दुपारचे आपणच, आणि ते बेंबीच्या देठापासून ओरडले, "बंद कर रे ते! ठीक आहे पोरगी! हसतेय! ऐक ना!"

"ऐक ना!" भिंगरीही ओरडली.

मशीन थांबेना. मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. वरच्या त्या माणसाची त्यांना इतकी दया कधी आली नव्हती. तो आता वॉकर माळ्यावर टाकणार, कडी लावणार, आणि त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

ते उठले. दोन पायऱ्या खाली अडकलेला वॉकर उचलला, चाक फिरवून पाहिलं. पोरीला कडेवर घेऊन उरलेल्या पायऱ्या उतरले आणि खाली तिच्या हातात तो दिला. समोर रस्ता होता.

"त्याला कळेल का रे, बाबा?" भिंगरीनं वर बघत विचारलं.

"कळेल," मास्तर म्हणाले. "थोडा मठ्ठ आहे तो. वेळ लागेल."

तिनं वॉकर पुढे ढकलला.